बिनऑपरेशनचा इलाज

अक्काचं सगळं अंग आटोपशीर होतं, पोट तेवढं ऐकत नव्हतं. ती माझी थोरली बहीण, लातूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. उदगीरला लहानपणी ती कबड्डी खेळायची तेव्हा तिची चढाई आली की समोरच्या पोरी मागच्या रेषेला जाऊन चिकटायच्या. चव्वेचाळिशीतही तिचे दंड आणि पोटऱ्या तशाच होत्या. रोज सकाळी शाळेतल्या मुलींबरोबर मैदानाला फेऱ्या मारायची. भात सोडला होता, साखर सोडली होती. पण बेंबीच्या खाली चरबीची एक जाड घडी होती. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ती जी बसली, ती कशानंच हलली नाही.

एस.टी.त बायका उठून तिला जागा द्यायच्या. "बस गं बाय, अवघडलेली दिसतीस." सुरुवातीला अक्का हे मला हसून सांगायची. मग शाळेत नव्यानं आलेल्या एका शिक्षिकेनं मैदानावर सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, कितवा महिना?" रांगेतल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. त्या दिवशी अक्काचा फोन आला. आवाजात हसू नव्हतं.

"तुझ्या नांदेडला ते मशीन आलंय म्हणं, चरबी गोठवायचं. चिरायचं न्हाई, टोचायचं न्हाई."

मी भोकरजवळ एका झेडपी शाळेत शिकवते आणि नांदेडला दोन खोल्या घेऊन एकटी राहते. असली मशीनं लातूरलाही होती, पण लातुरात अक्काला रिक्षावाले सुद्धा ओळखतात. आणि 'चिरायचं न्हाई' यावर तिनं दिलेला जोर मला बरोबर समजला. आमची आई गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी आत गेली ती शुद्धीवर आलीच नाही. तेव्हा दाराबाहेर आईच्या चपला हातात धरून उभी होती ती अक्काच. मी शाळेत होते.

"दाजींना सांगितलंस?" मी विचारलं.

"येडी का तू? ह्या वयात कुणाला दाखवायचंय म्हणतील. तू पण सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची, बोलायला शांत होती. तिनं अक्काला झोपवून पोट चिमटीत धरून पाहिलं, खोकायला लावलं, हर्निया नाही ना याची खात्री केली. मग समजावून सांगितलं, की वजन उतरवायचं हे साधन नाही. व्यायामानं जी चरबी हटत नाही, तेवढ्याच जागेला थंडी द्यायची. त्या थंडीनं चरबीच्या पेशी मरतात आणि शरीर त्यांना हळूहळू बाहेर टाकतं. दोन-तीन महिने लागतात. "क्वचित कुणाला उलटंही होतं, चरबी वाढते," ती म्हणाली, "पण माझ्याकडं अजून तसं कुणाला झालं नाही." ते वाक्य अक्कानं कानाआड केलं. तिचं सगळं लक्ष मशीनकडं होतं.

पोटावर जेलचा ओला कागद अंथरला, त्यावर एक लांबट कप बसवला, आणि मशीननं पोटाची घडी त्या कपात ओढून घेतली. अक्कानं माझं मनगट धरलं. "आतडी ओढल्यावाणी होऊन राहिलंय गं." थोड्या वेळानं तिथं बधिर झालं आणि तिनं मला सोडलं. कप काढला तेव्हा कपाच्याच आकाराची लालसर, ताठ वडी पोटावर उभी होती, फ्रिजमधून काढलेल्या लोण्यासारखी. मदतनीस मुलगी ती वडी दोन्ही हातांनी मळायला लागली तशी अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ती खूश होती. बहिणीला भेटून आले असं घरी सांगायचं ठरवून ती अहमदपूरच्या गाडीनं परत गेली. नंतर आणखी एकदा येऊन तिनं दुसरी फेरीही करून घेतली.

सुरुवातीला पोट थोडं बसलं. तिनं मला फोटोही पाठवला. मग एकदा फोन आला, "ते परत येऊन राहिलंय. आणि लई घट्ट हाय."

तिनं दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, वजन वाढलं असेल, खाण्यावर लक्ष द्या. अक्कानं संध्याकाळचं जेवण बंद केलं. गाल आत गेले, गळ्याची हाडं वर आली, आणि पोट मात्र पुढं येत राहिलं. मला सांगताना ती आवाज बारीक करायची. मी म्हणायची, कुणाला तरी दाखवू. ती म्हणायची, बसेल, थोडं थांब. मला झोप लागत नव्हती. सुकलेला चेहरा आणि वाढणारं पोट याचा एक अर्थ आम्हा दोघींनाही माहीत होता, आणि तो शब्द आम्ही तोंडातून काढत नव्हतो.

त्याचा आणखी एक अर्थ निघू शकतो, हे दाजींचा फोन येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दाजी वीज कार्यालयात आहेत. कमी बोलणारा माणूस. मला कधी फोन करत नाहीत. शाळेत मधली सुट्टी चालू होती, मी व्हरांड्यात आले.

"अक्का नांदेडला तुझ्याकडंच येती ना?"

"हो दाजी. का?"

"मुक्कामाला तुझ्याच घरी ऱ्हाती?"

"हो."

"तिचं पोट वाढून राहिलंय," ते म्हणाले. "दार लावून कपडे बदलती. जवळ गेलं की सरकती." मग म्हणाले, "माझं ऑपरेशन झालेलं तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. दुसऱ्या बाळंतपणात अक्काचं बीपी इतकं चढलं होतं, आणि ऑपरेशनच्या नावानं ती इतकी घाबरायची, की दाजींनी स्वतःच जाऊन नसबंदी करून घेतली होती. घरात हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या काळात आमच्या भागात असं करणारा पुरुष शोधून सापडला नसता. अक्काला त्यांचा केवढा अभिमान होता.

"दाजी, तुम्ही समजताय तसलं काही नाही."

"मग कसलं हाय?"

मला अक्काची शपथ आठवली. "अक्कालाच विचारा."

"तिला विचारायची हिंमत होईना म्हणून तर तुला फोन केला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी लगेच अक्काला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर धावत जाऊन त्यांना खरं काय ते सांगेल. ती म्हणाली, "त्यांच्या मनात हे आलं?"

"अक्का, सांगून टाक."

"न्हाई सांगत. येऊ दे काय येतंय ते मनात."

शनिवारी अर्धी शाळा करून मी लातूरची गाडी पकडली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत राहिले. एकही वाक्य धड जुळलं नाही.

घरात शिरले तेव्हा दोन्ही मुलं क्लासला गेली होती. दाजी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेले, अक्का आत कणीक मळत होती. दोघं माझ्याशी बोलत होते, एकमेकांशी नाही. अक्का म्हणायची, "त्यांना विच्यार चहा पायजे का." आणि ते पाच पावलांवर बसलेले. मी चहा घेतला. मी तोंड उघडणार तेवढ्यात दाजींनी पेपर बाजूला ठेवला.

"नांदेडला कोण हाय?" त्यांनी विचारलं. अक्काकडं बघून, थेट.

अक्कानं हातांची कणीक धुतली. पदरानं हात पुसले. बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मी उठायला लागले तर म्हणाली, "तू बस." मग पदर बाजूला करून साडीच्या निऱ्या खाली ओढल्या आणि म्हणाली, "लावा हात."

दाजी हलले नाहीत.

"लावा म्हणते ना."

त्यांनी हात पुढं केला. बेंबीखाली कातडीच्या आत आडवी वीट ठेवावी तसा उंचवटा होता, कडा सुद्धा हाताला लागतील असा. त्यांची बोटं त्यावरून फिरली आणि एकदम मागं आली. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय जाताना मी पाहिला. पण त्याच्या जागी सुटका आली नाही, दुसरीच भीती आली.

"ही गाठ हाय का?" त्यांचा आवाज फुटला. "अगं, गाठ हाय का ही?"

इतके दिवस टाळलेला तो शब्द त्यांनी उच्चारला आणि अक्का मटकन खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं, कप, थंडी, दोन फेऱ्या, उपास.

"एवढ्यासाठी?" दाजी म्हणाले.

"एवढ्यासाठी म्हणू नका," अक्का म्हणाली. "तुम्हाला कुणी महिना विचारत न्हाई."

सोमवारी मी रजा टाकली आणि तिघं सोनोग्राफीला गेलो. नंतर सर्जनच्या दारात बसलो होतो तेव्हा अक्का भिंतीवरच्या पचनसंस्थेच्या चित्राकडं टक लावून बघत होती. सर्जननं तपासून, चित्रं उजेडात धरून पाहिली आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "कॅन्सर नाही. पोटाच्या आत काहीच नाही."

दाजींनी डोळे मिटले.

"ही चरबीच आहे. थंडीनं मरायच्या ऐवजी उलट फोफावली आणि घट्ट झाली. क्वचित होतं असं. जिवाला धोका नाही. पण व्यायामानं किंवा उपाशी राहून ही जायची नाही. जेवत जा बाई. परत मशीन तर मुळीच नको. थोडे महिने मऊ पडू द्या, मग नळी घालून काढता येईल."

"बधिर करून?" अक्कानं विचारलं.

"एवढी जागा आहे, पूर्ण भूल दिलेली बरी."

अक्का उठली आणि बाहेर निघून गेली.

पुढं तिघं नांदेडच्या त्या डॉक्टरकडं गेलो. तिनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. दाजींनी आवाज चढवला. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "ती उपाशी मरून राहिली होती आणि तुम्ही फोनवर जेवण कमी करा म्हणता?" डॉक्टरनं वाद घातला नाही. "मी बघायला बोलवायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "न बघता सांगितलं, ते चुकलं माझं." तिनंच नांदेडच्या एका प्लास्टिक सर्जनची वेळ घेऊन दिली. अक्का मध्ये एवढंच म्हणाली, "दुसऱ्या बाईला कप लावाल तेव्हा हे पोट सांगा तिला."

ऑपरेशन करायचंच असं काही नव्हतं. त्या मधल्या महिन्यांत दाजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "असू दे की. मला काई फरक पडत न्हाई." एकदा अक्का चिडली. "तुमचा प्रश्न न्हाई हो. मला वाकता येईना. पोरींना पकड दाखवायची तर हे मधे येतंय. मी कशी शिकवू?" दाजींनी परत तो विषय काढला नाही. आणि जिनं आयुष्यभर ऑपरेशनचं नाव काढू दिलं नाही, तिनंच एका दुपारी मला फोन करून सांगितलं, "तारीख घे."

भूल देणाऱ्या डॉक्टरला तिनं इतके प्रश्न विचारले की तो स्टूल ओढून तिच्यापाशी बसला. बीपी किती चढलं तर थांबणार, मधे जाग आली तर काय, नंतर उठवणार कोण. "मीच उठवणार," तो म्हणाला. "नाव घेऊन हाक मारीन." स्ट्रेचर आत जाताना तिनं दाजींकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

दाजी बसायला तयार नव्हते. दाराकडं तोंड करून उभे. मधेच दार उघडलं आणि एक सिस्टर घाईनं बाहेर आली. "हिचे नातेवाईक कोण?" दाजी "मी" म्हणत पुढं झाले.

"पट्टा कुठंय? पोटाला बांधायचा. दिलाच नाही तुम्ही आत."

पट्टा माझ्या पिशवीत होता. तो देताना माझ्या हातातून खाली पडला आणि सिस्टर रागावली. तिचं रागावणं मला फार बरं वाटलं.

अक्का बाहेर आली तेव्हा थंडीनं कुडकुडत होती, दात वाजत होते. डोळे उघडे होते. दाजींनी स्वतःचं स्वेटर काढून तिच्या पायांवर टाकलं.

बरी होईपर्यंत ती माझ्याकडंच राहिली, दाजीही रजा घेऊन थांबले. पोटाचा पट्टा दिवसातून एकदा सोडून परत घट्ट बांधावा लागायचा, ते काम दाजींनी घेतलं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते. दोघांना वाटलं मी बाहेर गेलेय.

"माझं चुकलं," दाजी म्हणाले.

"काय चुकलं?"

पट्टा सोडल्याचा चरचर आवाज आला.

"काय चुकलं ते नीट म्हणा. मला ऐकायचंय."

मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. अक्कानं बराच वेळ वाट पाहिली. शेवटी म्हणाली, "बरं, ओढा. सैल झालाय."

अक्का आता परत मैदानावर जाते. पोट अगदी सपाट झालं नाही. डाव्या बाजूला एक खळगा राहिलाय, कातडी थोडी लोंबते. पण ती वाकते, पकड दाखवते, मुलींबरोबर मातीत पडते. दोघांचं चांगलं चाललंय, मुलांना तर त्या संशयाचं काहीच माहीत नाही. गेल्या दिवाळीला मी तिला विचारलं, "दाजी त्यावर बोलले का गं कधी?"

"न्हाई," ती म्हणाली. "मी पण विचारणं सोडलं न्हाई."