शेवटची चार पानं

परवा दादरला आमच्या सोसायटीत जुन्या पुस्तकांचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. खेड्यातल्या शाळांना पाठवायचे होते. मी प्रत्येक पुस्तक उघडून शेवटचं पान बघत होते... शेजारच्या प्रज्ञाने विचारलं, मावशी, शेवटच्या पानात काय शोधताय? सवय गं, म्हटलं.

या वयात पुन्हा खोटं बोलले. म्हणून आज इथे खरं लिहून टाकते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी दहा-अकरा वर्षांची, लालबागच्या चाळीत राहणारी. आमच्याखाली आमच्याच गावच्या गिरणी कामगारांची खोली होती, देवगडकडच्या. त्यात सखारामकाका राहायचे. सहीला अंगठा, पण सभा एकही चुकवायचे नाहीत.

अशाच एका सभेहून आले आणि थेट आमच्या दारात उभे राहिले. बाबांना म्हणाले, "राज्य मराठी होतला, मगे आमच्या पोरांका मराठी वाचूक पुस्तकां नको?" गावच्या शाळेत धड्याच्या पुस्तकांपलीकडे काही नव्हतं. काका महिनाभर चाळीत दारोदार फिरले... शिमग्याला गावी जाताना पुस्तकांची पेटी त्यांनीच न्यायची ठरली.

बाबांनी माझं गोष्टीचं पुस्तक द्यायला सांगितलं. माझं एकुलतं एक. हरवलेल्या वासराची गोष्ट होती, आणि शेवटी गाय त्याला चाटते आहे असं रंगीत चित्र. मला ते चित्र सोडवेना. कडेची टाचणी उचकटून मी शेवटची चार पानं अलगद काढली आणि दप्तरात लपवली.

तेव्हा मनात काय आलं तेही लिहिते, कारण खरी लाज त्याचीच वाटते. गावातल्या पोरांना कुठे कळणार आहे... असं वाटलं होतं मला.

काका पेटी घेऊन बोटीने गेले, महिन्याने परत आले. पाठोपाठ गावच्या शाळेतल्या मास्तरांचं पत्र आलं. काकांना वाचता येत नसे, म्हणून बाबांनी ते गॅलरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

वासराचं पुस्तक सगळ्यांना हवं, आणि प्रत तर एकच. म्हणून मास्तर रोज प्रार्थनेनंतर एक पान वाचून दाखवायचे. एके दिवशी पानंच संपली. पोरांना वाटलं, वाटेत पडली असतील. दोन दिवस शाळा सुटल्यावर पोरं बंदरापासून शाळेपर्यंतची पायवाट सगळी शोधत फिरली.

पत्राच्या खाली मुलांनी लिहिलं होतं, पुस्तक आम्ही फाडलं नाही, तरी चुकलं असेल तर माफ करा. वासरू घरी पोचलं का, तेवढं कळवा.

मी दाराआड उभी होते. दप्तर हाताच्या अंतरावर...

काका म्हणाले, चढणीवर पेटीची दोरी सुटली होती, पुस्तकं खाली सांडली होती, तेव्हाच गेली असतील. आणि मान खाली घालून, "माका वाचूक येणा नाय. माझ्या हातात पुस्तकां देऊकच नको होती."

बाबांनी मला हाक मारली. शेवटी काय होतं गं, तुला आठवतं का? मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी आई नळावर गेली तेव्हा ती चार पानं मी शेगडीत घातली. भीतीने. ज्या चित्रासाठी एवढं केलं, तेसुद्धा नीट बघितलं नाही.

पुढे दरवर्षी पेटी गेली. पुस्तकं जमवायला काका सगळ्यांच्या पुढे, पण पेटीला त्यांनी परत हात लावला नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचे आणि स्वतः भाऊच्या धक्क्यापर्यंत मागून चालत जायचे, काही पडतंय का बघत. मी गॅलरीतून त्यांना जाताना बघायची... तरी बोलले नाही. काका गेले तेव्हाही नाही.

त्या शाळेतली पोरं आता माझ्यासारखीच म्हातारी झाली असतील. कुणाच्या नातवाने हे वाचलंच, तर त्यांना सांगा... वासरू घरी पोचलं होतं.

आणि काका, पानं तुमच्या हातून पडली नव्हती.