गिरणीच्या भिंतीवरचा गेरू

नववीच्या वर्गावर होते. शिपाईमामांनी दारातून हात केला आणि म्हणाले, "बाई, रोह्याहून ताईंचा फोन आलाय. ऑफिसात या." माझा मोबाइल पर्समध्ये बंद होता. ताईचा आवाज इतका शांत होता की मला आधी काही वाटलंच नाही. "हे पडले गो मोरीत. उठवतेय तर उठत नाय," ती म्हणाली. मागे कोणीतरी रिक्षा आणा, रिक्षा आणा असं ओरडत होतं.

भाऊजी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. अनंत त्यांचं नाव. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. आदल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर बसून कांदेपोहे खाल्ले होते. आज काही आठवडे झाले तरी ते गेले हे वाक्य मला पूर्ण बोलता येत नाही, मधेच अडकतं... पण ज्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेली नाही, तो त्यांच्या जाण्याच्याही आधी काही तास बसला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काळी फिल्म उजेडावर धरून दाखवली. मेंदूत गाठ होती, बरीच वर्षं हळूहळू वाढत असावी, आणि त्या सकाळी तिच्यात रक्तस्राव झाला होता. मग त्यांनी विचारलं, "यांना कडेचं दिसायचं कमी झालं होतं का? म्हणजे बाजूने कोणी आलं तर न कळणं, चालताना आपटणं?" ताईने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली ना, उत्तर मीच द्यायचं. मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर, त्यांची नजर चांगली होती. गाडीचे दिवे तेवढे कमी पडत होते." डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "कुठल्या गाडीचे?"

तेव्हा मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं.

आमचं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. वडील मिठागरात कामाला. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर माझं पुढचं शिक्षण थांबणार हे जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा भाऊजी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, "मामा, पोर माझ्याकडं राहील. रोह्यात कॉलेज हाय, घरात जागा हाय. तुम्ही फकस्त व्हय म्हणा." ताईच्या घरी मी तीन वर्षं राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण त्या घरात माझे लाड झाले ते काही त्यामुळे नव्हे. भाऊजींचा स्वभावच तसा. माझी परीक्षा असली की ते क्रिकेटची मॅच आवाज पूर्ण बंद करून बघायचे. मी म्हणायचे, थोडा ठेवा हो आवाज. ते म्हणायचे, "आऊट झालेला बिनआवाजाचा पण कळतो. तू वाच." ते टेम्पो चालवायचे, गणपतीच्या दिवसांत हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती भरून मुंबईला, एरवी मिळेल तो माल. पदवीदान समारंभाला मला टेम्पोनेच घेऊन गेले. मागे मूर्तींसाठी घातलेला पेंढा तसाच होता. त्या दिवशीच्या फोटोत माझ्या काळ्या गाऊनच्या बाहीवर एक पिवळी काडी दिसते. तो फोटो त्यांनी बाहेरच्या खोलीत लावला होता आणि आल्यागेल्याला दाखवायचे, "ही आमची मेव्हणी, बी.ए. आणि ही हमरापूरची काडी."

गाडी आली ती मी नोकरीला लागल्यानंतर. अलिबागकडच्या एका बंगल्यात मूर्ती पोचवायला गेले असताना त्यांना आंब्याच्या झाडाखाली ती दिसली. परदेशी बनावटीची, दोनच सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स गाडी. लाल रंग विटून विटकरी झालेला, आत मुंग्यांचं वारूळ. मालक म्हणाले, नेता येत असेल तर ने बाबा. भाऊजींनी ती टेम्पोत चढवून आणली आणि पुढची दीड-दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्याखाली झोपून काढली. ताई म्हणायची, "दोन माणसांची गाडी. भाजीची पिशवी कुठं ठेवायची?" ते खालूनच उत्तर द्यायचे, "तुझ्या मांडीवर." त्या गाडीचे पुढचे दिवे बोनेटमध्ये मिटलेले असत आणि बटण दाबलं की वर येत. आधी डावा यायचा, मग जरा विचार करून उजवा. ताईने तिचं नाव बेडकी ठेवलं होतं. मी गाडी शिकले ती त्याच बेडकीवर. भाऊजींचा एकच धडा होता: "नजर समोर ठेवायची. कडेचं बघायला मान वळवायची नाय, कडेचं आपोआप दिसलं पायजे."

गाडी चालू झाली, पण दिवे फार मंद होते. म्हाताऱ्या गाड्यांचं असं असतंच, असं सगळेच म्हणत. वायर बारीक, काच पिवळी, उजेड समईसारखा. भाऊजींनी जाड वायर टाकली, दिव्यांना पुरता करंट मिळावा म्हणून रिले बसवला. मग फोकस सेट करायला गाडी घरामागच्या बंद भातगिरणीच्या लांब पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली. सूर्य मावळल्यावर ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि मला गेरूचा खडा देऊन भिंतीजवळ पाठवलं. मी मधोमध उभं राहायचं, मग हळूहळू उजवीकडे चालत जायचं. ते नजर समोर ठेवून बसणार आणि मी दिसेनाशी झाले की ओरडणार. तिथे मी खूण करायची. मग तसंच डावीकडे. म्हणजे उजेड किती लांब पसरतो ते कळेल.

"चाल... चाल... थांब, गेलीस."

मी म्हटलं, "भाऊजी, मी उजेडातच आहे की."

"मला नाय दिसत, मग उजेड कसला तो? कर खूण."

मी खूण केली. त्या दोन खुणांमध्ये बैलगाडी आडवी राहिली असती. पुढच्या वर्षी त्यांनी काचा आणि उजेड पुढे फेकणारं आतलं चकचकीत भांडं बदलून नवे, जास्त ताकदीचे बल्ब बसवले. परत भिंत, परत गेरू. खुणा खरं तर बाहेर सरकायला हव्या होत्या, त्या आत आल्या. भाऊजी बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "मधला झोत जोरात हाय, तो कडेच्या उजेडाला मारतो." मलाही ते पटलं. समोर लख्ख असलं की कडेला अंधार वाटतोच. मग गेल्या हिवाळ्यात त्यांनी खूप शोधून रुंद फाकणारे एलईडी दिवे मागवले. बसवायला चार रविवार लागले. दिवे वर आले, आधी डावा, मग उजवा, आणि सगळं परसदार पांढरंफटक झालं. मी गेरू घेऊन चालायला लागले तर दोन पावलं झाली नाहीत तोच ते म्हणाले, "गेलीस." मी थांबून मागे बघितलं. ते सीटवर ताठ बसले होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर. आवाजात चिडचिड नव्हती, थकवा होता. "दिवे बनवणाऱ्याला आपले रस्ते म्हाईत नाय," एवढंच म्हणाले आणि उजेड बंद केला. त्यानंतर संध्याकाळी टेम्पो चालवायला त्यांनी ड्रायव्हर ठेवला.

त्याच काळात बाजारात त्यांची थट्टा सुरू झाली होती. भाऊजी जवळून गेले तरी ओळख देत नाहीत, अशी तक्रार होती. पानवाला एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "अनंताशेठ, फॉरेनची गाडी आली आणि आमची ओळख गेली काय?" भाऊजी दचकून पूर्ण वळले, त्याला बघितलं आणि हसले. "अरे मग हाक मार ना. मुका झालास काय?" मी त्यांच्या बाजूने पानवाल्याला म्हटलं, भाऊजींच्या डोक्यात सारखे दिवेच असतात हो. सगळे हसलो... सकाळी डोकं दुखतं म्हणायचे, ताई बाम चोळून द्यायची. चहाचा कप हाताशी ठेवलेला असायचा आणि ते विचारायचे, चहा कुठं हाय? ताई म्हणायची, "त्या लाल सवतीला इचारा."

डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं. डोक्यातला दाब वाढला की डोळ्यांच्या नसांवर ताण येतो. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत चांगलं राहतं. इतकं हळूहळू होतं की माणसाला स्वतःलाच कळत नाही. मी विचारलं, हे तपासतात कसं? ते म्हणाले, पेशंटला समोर बघायला सांगतात, बाजूला बारीक दिवे लावतात, आणि कुठपर्यंत दिसतं ते तो सांगतो. हीच तपासणी आम्ही घरामागे तीनदा केली होती. खुणा माझ्या हातच्या होत्या. फक्त आम्ही गाडी तपासत होतो.

हे ताईला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं, कारण तिच्या मनात दुसरंच काही रुतलं होतं. दिवसकार्य झाल्यावर तिने ते मला सांगितलं. भाऊजी पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती एका लग्नाला नेसायची नवी साडी नेसून मागच्या दारात आली होती. भाऊजी गाडीजवळ पाटावर बसून काहीतरी आवळत होते. "मी काय बोलले नाय. म्हटलं, बघतात का बघू. किती येळ उभी व्हते गो मी. मान वर केली, समोर गाडीकडं बघितलं, परत खाली. माझ्याकडं नाय बघितलं." ती आत गेली, साडी सोडून ठेवली, आणि रात्री जेवायला वाढलं ते न बोलता. सकाळी ते मोरीत पडले. "माझ्यावरनं मन उडालं व्हतं त्यांचं. गाडीवर बसलं व्हतं," ती म्हणाली. रडत नव्हती. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकलेली, तुला बरं बोलता येतं."

गेल्या रविवारी मी रोह्याला गेले. गाडी बंद राहिली की बॅटरी बसते, म्हणून दिवस मावळताना चालू करायला गेले. ताई पाठोपाठ आली. मी भाऊजींच्या सीटवर बसले आणि दिव्यांचं बटण दाबलं. डावा वर आला. मग उजवा. गिरणीची अख्खी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली, भिंत संपून पलीकडच्या जांभळीची पानंसुद्धा मोजता आली असती. आणि त्या एवढ्या उजेडात मधोमध गेरूच्या तीन जोड्या. बाहेरची, तिच्या आतली, आणि सगळ्यात आतली. आतल्या खुणांपासून उजेडाच्या कडेपर्यंत भिंत कितीतरी उरली होती... मी ताईला काही समजावलं नाही.

ताई चालत भिंतीजवळ गेली. सगळ्यात आतल्या दोन खुणांच्या मधे उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. दोन्ही हात खुणांना लागले.

"एवढंच?" तिने विचारलं.

"व्हय ताई."

मग ती बाजूला सरकली, आतल्या खुणेच्या बाहेर, मागच्या दाराच्या अंगाला. उजेड तिथेही तेवढाच होता. तिच्या पातळाची किनार मला स्पष्ट दिसत होती. "आणि त्या दिवशी मी अशी उभी व्हते," ती म्हणाली. तिने पदराने तोंड झाकलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असं. मी उतरायला दार उघडलं तर तिने हाताने नको म्हटलं.

रडून झाल्यावर ती परत खुणांच्या मधे आली. गाडीकडे तोंड केलं. पदर नीट केला, केस मागे सारले, आणि उभी राहिली.

"जरा येळ राहू दे चालू," ती म्हणाली.

मी हात स्टेअरिंगवर ठेवले आणि नजर समोर.