दोन रात्रींचा मुक्काम

इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या हातांवर मेंदी दिसली की मला तो अर्ज आठवतो. कलमं, पंचनामे, आरोपींचे चेहरे, सगळं हळूहळू पुसट होत चाललंय. तो अर्ज मात्र जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो.

पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका वृद्ध जोडप्याला आत घेऊन आला. गृहस्थ निवृत्त शिक्षक. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, पण गळ्यापाशी बायपासच्या टाक्यांची रेघ दिसत होती. बाईंनी पदरात मोबाईल घट्ट धरला होता.

अर्ज थोडक्यात असा. मुलगा सिंगापूरमध्ये आयटी कंपनीत मॅनेजर. महिन्याभरापूर्वी त्याने कळवलं की कंपनीच्या कामासाठी इटलीला निघालोय, बायकोही सोबत आहे, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका जुन्या नामांकित हॉटेलात आमची सोय केली आहे. तेव्हापासून रोज तिथला फोटो आणि दोन ओळी येत होत्या. फोन मात्र एकदाही नाही. कधी नेट नीट नाही, कधी मीटिंग. आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या मुलाने सिंगापूरहून सहज बोलता बोलता सांगितलं, की तुमची सून लिटिल इंडियात किराणा घेताना दिसली. एकटीच होती, मला पाहून तोंड फिरवून निघून गेली.

"साहेब, तिनं माझ्या मुलाचं काहीतरी बरंवाईट केलंय," गृहस्थ म्हणाले. "गुन्हा दाखल करा."

मी त्यांना हद्द समजावून सांगितली. घटना परदेशातली, घडली की नाही तेही ठाऊक नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकाएकी टेबलावर डोकं टेकून हमसून रडायला लागले. बाहेरचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना हातानेच जायला सांगितलं.

मग मी बाईंकडून मोबाईल घेतला. फोटो पाहावेत असेच होते. डोंगराच्या कड्याला चिकटलेली पांढरी इमारत, खाली निळाशार समुद्र, निळ्या-पिवळ्या फरश्या, लिंबांनी लगडलेला मांडव. मुलगा हसतमुख, तब्येतीने चांगला. एका फोटोत सुनेचा हात कठड्यावर, दुसऱ्यात कॉफीच्या कपाभोवती, तिसऱ्यात एका जुन्या पितळी दारावर. मी फोटो पुढे-मागे करत राहिलो. माझ्या लेकीचं लग्न होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मेंदी किती लवकर उतरते, यावर घरात झालेली चर्चा कानात ताजी होती. आणि इथे पहिल्या फोटोत सुनेच्या हातावर जितकी गडद मेंदी होती, तितकीच महिन्यानंतरच्या फोटोतही.

गृहस्थांना पाणी प्यायला बाहेर पाठवून मी बाईंना विचारलं, "ही मेंदी कधीची?"

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि चेहरा उतरला. "ही तर माझ्या पुतणीच्या लग्नातली. मीच तिला काढायला बसवलं होतं. पण ते लग्न गेल्या वर्षी झालं, साहेब."

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाईटच शंका आली. मुलगा महिनाभर कुणाला दिसलेला नाही, बायको एकटी फिरते आहे, आणि जुने फोटो रोज ताजे म्हणून पाठवले जात आहेत. पोलिसाच्या डोक्याला यातून एकच अर्थ लावायची सवय असते.

योग असा, की पुढच्याच आठवड्यात माझी रजा मंजूर होती आणि मी लेकीकडे सिंगापूरलाच निघालो होतो. वरिष्ठांच्या कानावर सगळं घातलं. ते म्हणाले, "चौकशी करा, पण तिथं तुम्ही पोलीस नाही, फक्त मुलीचे वडील आहात, हे लक्षात ठेवा. काही संशयास्पद दिसलं तर तिथल्या पोलिसांना कळवायचं, स्वतः पुढे व्हायचं नाही." मी हो म्हटलं. पट्टा आणि टोपी नसली की आपल्याला किती कमी किंमत असते, ते परदेशी गेल्यावर नीट समजतं.

माझी लेक तिथल्या पाया लेबार भागात नोकरी करते. तिने मराठी मंडळींमध्ये विचारपूस करून सुनेचा नंबर मिळवला. मी सरळ खरं सांगितलं, "तुमच्या सासऱ्यांनी अर्ज दिलाय, मला तुम्हाला भेटायचंय." ती म्हणाली, "नोव्हेना स्टेशनपाशी याल का? मला तिथून फार लांब जाता येत नाही."

तिथल्या फूड कोर्टात ती समोर येऊन बसली. तिशीची असेल. कुर्त्यावर कसलासा स्टिकर चिकटवलेला, आणि हात सारखे धुऊन कोरडे पडलेले. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. चौकशीत माझी हीच पद्धत होती. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो स्वतःच बोलायला लागतो. तीही लागली. "हो, आम्ही परवाच परत आलो, तो ऑफिसला गेलाय, फार काम आहे, तिकडे तर इतकं छान होतं..." खोटं बोलणारा माणूस न विचारलेले तपशील देतो. माझी लेक शेजारी बसून चुळबुळ करत होती.

मी मोबाईल काढून तिच्या सासूबाईंकडून घेतलेले दोन फोटो तिच्यापुढे ठेवले. "सूनबाई, या दोन फोटोंत महिन्याभराचं अंतर आहे म्हणता. तुमची मेंदी जराही उतरली नाही?"

तिने फोटो पाहिले, मग स्वतःचे कोरे हात पाहिले. एवढं सगळं सांभाळलं आणि हे राहिलंच, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"काका, तुम्ही पोलीस म्हणून विचारताय?"

"काका म्हणून."

"मग चला वर," ती उठली. स्टिकर हॉस्पिटलच्या अभ्यागतांचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वॉर्डाच्या दारात नर्सने तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत अडवलं. "अंकल, ओन्ली टू व्हिजिटर्स, लाह." लेक बाहेर थांबली. आत खिडकीजवळच्या खाटेवर तो मुलगा होता. डोक्याला पट्टी, तोंड एका बाजूला ओढलेलं. मेंदूत गाठ निघाली होती. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बोलणं जड झालं, म्हणून फोन नाही. दुसरी शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात, आणि तिच्या यशाची डॉक्टर खात्री देत नव्हते.

"बाबांची बायपास नुकतीच झालीय," तो एकेक शब्द जोडत म्हणाला. "त्यांना हे कळलं तर..."

हॉटेल खरं होतं. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नानंतर दोघं गुपचूप तिथे जाऊन आले होते. फक्त दोन रात्री. वडील साधे, काटकसरी. एवढी चैन त्यांना सांगायची सोय नव्हती, म्हणून फोटो कुणी पाहिलेच नव्हते. शेकडो वर्षांचा जुना मठ, त्याचं हॉटेल केलेलं. कड्यातून खोदलेली लिफ्ट थेट समुद्राशी उतरते. सूनबाई सांगत होती आणि तो डोळे मिटून ऐकत होता.

"त्या दोन रात्री मला महिनाभर पुरवायच्या होत्या, काका," ती म्हणाली. "रोज सकाळी फोटो हाच निवडतो. आज नाश्ता, उद्या खिडकी, परवा फरशी. खाली काय लिहायचं तेही हाच सांगतो."

"मग दिवसभर... तिथंच राहतो मी," तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. माझा आवाज जरा चढलाच. "हे बघ, पुढच्या आठवड्यात काही कमी-जास्त झालं, तर तुझे वडील जन्मभर हिला खुनी समजतील. आणि त्यांना समजावायला तू नसशील."

सूनबाई खिडकीकडे वळली. मुलगा मान हलवत राहिला. "बाबा रडतील. मी त्यांना कधी... रडताना पाहिलं नाही. मला बघवणार नाही."

"तुझे वडील रडून झालेत," मी म्हणालो. "माझ्या टेबलावर डोकं टेकून. माझ्या शिपायांनी पाहिलंय."

मग त्याने बायकोकडे हात पुढे केला, फोन मागायला. तुम्हीच सांगाल का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हटलं. अशी बातमी ज्याची त्यानेच द्यावी, पोलिसाकडून कळू नये. मी बाहेर येऊन उभा राहिलो, पण दार उघडंच होतं. व्हिडिओ कॉल लागला. आणि मग त्या निवृत्त शिक्षकाचा आवाज आला, "आज काही खाल्लंस का रे?"

थोड्या वेळाने सूनबाई बाहेर आली. डोळे लाल, पण खांदे सैल झालेले. "काका, त्यांनी अर्जात काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

नोकरीभर मी आरोपींना बजावत आलो, की खोटं ते खोटंच, त्यात लहान-मोठं काही नसतं. "तुझ्याबद्दल काही नाही," मी म्हणालो. "मुलाचा फोन येत नाही, काळजी वाटते, इतकंच." माझा चेहरा मुळीच हलला नाही. सरावाचा काही तरी उपयोग व्हायलाच हवा.

आई-वडील शस्त्रक्रियेच्या आधी पोहोचले. शस्त्रक्रिया पार पडली. बोलणं पूर्वीसारखं झालं नाही, पण तो वाचला. गृहस्थ पुण्याला परतल्यावर ठाण्यात आले, तक्रार नसल्याचा जबाब दिला आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. जाता जाता त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, मी काय लिहिलं होतं ते तिला..." मी म्हणालो, "ठाण्याचा कागद ठाण्यातच राहतो." त्यांनी हात जोडले आणि ते भराभर निघून गेले.

आम्हा पोलिसांना शिकवतात, खोटं सापडलं की त्यात कुणाचा फायदा ते शोधा. ते बरोबरच आहे. पण त्या प्रकरणात तीन माणसं खोटं बोलली, मी धरून, आणि फायदा एकाचाही नव्हता. त्यानंतर खोटं पकडलं की मी लगेच आवाज चढवणं सोडलं. हे कुणासाठी चाललंय, हे आधी विचारायला लागलो. बरेचदा उत्तर वाईटच मिळालं, पण विचारलं मात्र दर वेळी.

त्या मुलाला घरी सोडलं, त्या दिवशी सूनबाईचा मला एक फोटो आला. या वेळी हॉटेल नव्हतं. सासू-सुना लिटिल इंडियातल्या सेरंगून रोडवर जाऊन हात रंगवून आल्या होत्या. चार तळवे शेजारी शेजारी, खाली एक शब्दही नाही. मी सवयीने आधी मेंदीचा रंग पाहिला. गडद होता, ताजा होता.