धुळीचा कण

सोनपेठहून परभणीला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक तरुणी बसली. ध्रुवावरच्या ढगांचा अभ्यास करायला ती पुन्हा निघाली होती आणि तिला अडवायला चुलतेही सोबत चढले होते.

"मेंढरं राखणाराची पोर तू. बर्फात जाऊन धूळ कसली शोधायलीस? माघारी चल," ते म्हणाले.

तिनं खिडकीच्या गजावरून बोट फिरवून धूळ दाखवली. "काका, तिथल्या ढगातलं पाणी शून्याच्या लय खाली जाऊनबी गोठत न्हाई. असा एखादा कण भेटला की त्याचा बर्फ होतो. तो कण येतो कुठून, ते मी शोधणार."

स्टँडवर चुलत्यांनी बॅग धरून ठेवली. पोरगी रिकाम्या हातानं रेल्वे स्टेशनकडे चालू लागली. जरा वेळानं चुलते बॅग खांद्यावर टाकून तिच्या मागं निघाले.