आधी ‘शी’, मग बाळ

तीस वर्षांत आपल्या हातांनी किती बाळं झेलली, याची मोजदाद ताईंनाही नव्हती. प्रसूतीच्या खोलीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. इंग्रजी तेवढं होतं. आणि कामाची पाळी संपताना वहीतली नोंद नेमकी इंग्रजीत करावी लागे.

एकदा त्यांनी एका बाळंतिणीबद्दल चार ओळी लिहिल्या, पुढे नुसतं ‘शी इज कोल्ड’ लिहिलं आणि घरी गेल्या. पुढच्या पाळीच्या डॉक्टरांनी बाळंतिणीला आणखी एक पांघरूण घातलं. गार लागत होती ती तिची नुकती जन्मलेली लेक. वेळेत ध्यानात आलं म्हणून निभावलं.

मेट्रनबाईंनी वही पुढ्यात ठेवून विचारलं, “ही ‘शी’ कोण?”

दारातली आया पुटपुटली, इथे शी एकच, दुपट्यात सापडते ती. मेट्रनबाई हसल्या नाहीत. पुन्हा असं झालं तर ताईंनी चादरींच्या कोठीत बसायचं, एवढंच म्हणाल्या.

ताईंची सून शाळेत इंग्रजी शिकवायची. सुनेला वळण लावायचं राहिलं बाजूला, सासूच वही-पेन घेऊन तिच्यासमोर बसली. सुनेने सांगितलं, आधी नाम, मग सर्वनाम. ताईंनी ते गाठीशी बांधलं. मग भाजी निवडता निवडता सून म्हणाली, इंग्रजीत कधी कधी ‘शी’ आधीही येते, पण मग ती कोण हे मागोमाग, त्याच वाक्यात यायला हवं.

ताईंचा हात थांबला. “म्हणजे जी अजून आलीच नाही, तिची जागा आधी धरून ठेवायची?”

“हो आई. आणि ती येईपर्यंत वाक्य सोडायचं नाही.”

आठवड्याभराने एक मुलगी जन्मली ती मुकाट. ताई तिची पाठ चोळत राहिल्या. “ये गं, ये,” म्हणत राहिल्या. नाव नाही, आवाज नाही. पण तिने डोळे उघडले आणि ताईंकडे पाहिलं. मग रडली. तिला दुपट्यात गुंडाळताना ताईंच्या मनात आलं, जन्मभर आपण हेच तर बोलत आलो, जी अजून यायची आहे तिच्याशी!

त्या दिवशी वहीत त्यांनी लिहिलं, ‘बिफोर शी क्राइड, द बेबी ओपन्ड हर आइज.’

मेट्रनबाईंचं बोट ‘शी’वर अडलं, हळूहळू पुढे सरकलं आणि ‘बेबी’वर टेकलं. मग त्यांनी सही केली.

“कोठीसाठी दुसरं कुणी बघते,” त्या म्हणाल्या.