शिबिरात दाखवलेले माझे दात

"मास्क खाली घे आणि दाखव यांना."

वसईजवळ गिरीजच्या शाळेत आमच्या डॉक्टर मॅडम असं म्हणाल्या तेव्हा मी हातमोज्यांचा खोका उघडत होते. समोर चौथीची पोरं मांडी घालून बसलेली. मागे भिंतीवर दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं बॅनर. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी सांगतायत.

"अगं, तुलाच. ये इकडे."

गेले. मास्क खाली घेतला. मॅडमनी माझ्या हनुवटीला दोन बोटं लावून तोंड पोरांकडे वळवलं. दात तपासायचा दांडीचा छोटा आरसा असतो, त्याच्या कडेनं माझा वरचा ओठ उचलला.

"ब्रश नाही केला, चॉकलेट खाऊन तसेच झोपलात, तर दात कसे होतील? हिच्यासारखे."

"ईईईई!" सगळी पोरं एकदम. एकानं उलटी आल्याचं सोंग केलं. त्याच्या शेजारचा हसून हसून आडवा झाला. त्यांच्या बाई "शांत बसा" म्हणाल्या. पण त्याही माझ्या दातांकडेच बघत होत्या.

मी सातवीतून शाळा सोडलेली. त्यानंतर वर्गात पाय ठेवला तो त्या दिवशी. शाळेत होते तेव्हा कायम शेवटच्या रांगेत. फळ्याजवळ उभं राहायची पाळी कधी आली नव्हती. आली ती अशी.

मी काय केलं? काहीच नाही. ओठ सुटला, मास्क वर घेतला आणि पुन्हा मोजे काढून द्यायला लागले.

माझे दात तपकिरी आहेत. मधेमधे पिवळट पट्टे, वर बारीक खड्डे. आमचं गाव यवतमाळकडे. गावच्या हातपंपाला सरकारी माणसांनी लाल रंग मारला होता, हे पाणी पिऊ नका म्हणून. दुसरा पंप मात्र दिला नाही. मग तेच प्यालो. दुधाचे दात पडले आणि नवे आले ते रंग घेऊनच आले. गावात त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. सगळ्यांचेच तसे. मायच्या मात्र ते पाणी हाडांत गेलं. आधी मान वळेना, मग गुडघे दुमडेनात. घरातलं कोणीतरी करायला हवं होतं. मी शाळा सोडली. पुढे धाकट्या भावाची बायको घरात आली, आणि ताईनं मला इकडे वसईत, वालीवला बोलावून घेतलं. भाऊजी इथल्याच एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत.

माझे दात वाईट दिसतात हे मला वसईत आल्यावर कळलं. एव्हरशाईन भागातल्या एका कपड्याच्या दुकानात कामाला ठेवत होते. मालक बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "तू हसू नकोस हां गिऱ्हाइकासमोर." दोन दिवसांनी नको म्हणाला. तेव्हापासून हात तोंडावर. बोलताना हात, हसताना हात, चहा पितानासुद्धा.

आणि मग मॅडम भेटल्या.

हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मॅडमनी मला त्यांच्या दातांच्या दवाखान्यात काम दिलं तेव्हा मला काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून त्यांनी माझे दात बघितले आणि म्हणाल्या, "हे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होतं. तुझा काही दोष नाही. कितीही घासलेस तरी जाणार नाही, तेव्हा उगाच घासत बसू नको." मी तोवर राख, मीठ, लिंबू, सगळं करून हिरड्या सोलून घेतल्या होत्या. तुझा दोष नाही, असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. अवजारं उकळायच्या खोलीत जाऊन मी रडले. मॅडमनी थुंकी ओढायची नळी धरायला शिकवली, ट्रे लावायला शिकवलं. मायसाठी त्यांनी नागपूरच्या एका डॉक्टरला स्वतः फोन केला. आणि त्यांनी मला मास्क दिला. दिवसभर तोंडावर मास्क! माझ्यासारखीला दुसरं काय पाहिजे? त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा मोकळी हसले. मास्कच्या आत.

मग मॅडम संघटनेच्या इथल्या शाखेच्या अध्यक्ष झाल्या.

देशभरची संघटना. शाखेचं अध्यक्षपद एका वर्षाचं. हॉलमध्ये कार्यक्रम झाला, जुन्या अध्यक्षांनी आपल्या गळ्यातलं पदक काढून मॅडमच्या गळ्यात घातलं. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या. खऱ्या. मग वर्ष सुरू झालं. शाळेत दंततपासणी, कारखान्यात तंबाखूविरोधी शिबिर, वृद्धाश्रमात फुकट कवळ्या, रस्त्यावर फेरी. काम खोटं नव्हतं. कितीतरी पोरांच्या किडलेल्या दाढा त्या वर्षी सापडल्या. एका आजोबांनी कवळी लावल्या लावल्या शेंगदाणे मागितले, तेव्हा आम्ही सगळे हसलो.

पण प्रत्येक कामाचा फोटो लागायचा. मागे बॅनर, पुढे डॉक्टर, मधे पेशंट. शाखेचे सेक्रेटरी तरुण डॉक्टर होते, फोटो तेच काढायचे. फोटो संघटनेच्या वरच्या ऑफिसला जायचे, आणि वर्षाच्या शेवटी उत्तम शाखेला पारितोषिक. मॅडमना ते पाहिजे होतं.

गिरीजहून परत येताना मॅडम गाडीत म्हणाल्या, "आपला प्लास्टिकचा मोठा जबडा विरारच्या शिबिराला गेला होता ना, म्हणून तुला बोलावलं. वाईट नाही ना वाटलं?"

"नाही मॅडम."

"पोरांच्या लक्षात राहील बघ आता."

पुढच्या शाळेत जबडा पिशवीत होता. मीच भरला होता. तरी मला बोलावलं. त्याच्या पुढच्या शाळेत जबडा पिशवीतून काढलाच नाही.

सेक्रेटरी डॉक्टर म्हणायचे, "चला, मॅडमचं लाइव्ह मॉडेल आलं!" सगळे हसायचे. मीही हसायचे. हात तोंडावर ठेवून.

शिबिराच्या आदल्या रात्री झोप यायची नाही. पण नाही कसं म्हणणार? कोणाच्या तोंडावर म्हणणार? ज्यांनी हाताला धरून उभं केलं त्यांच्या?

आणि एक आशाही होती. मॅडमच म्हणाल्या होत्या, "तुझे पुढचे दात मी करून देते. वरून पांढरी कवचं बसवायची. एक पैसा घेणार नाही." मी वाकून पाया पडले. त्या म्हणाल्या, "पण आत्ता नको हं. वर्ष संपू दे. अजून शिबिरं आहेत."

तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही. की लागला होता, आणि मी तो बाजूला सारला? पांढरे दात दिसत होते ना समोर. हात खाली ठेवून ताईशी बोलेन, दुकानात जाईन, फोटोत हसेन. एवढंच पाहिजे होतं मला.

तंबाखूविरोधी शिबिर वालीवला झालं, एका कारखान्याच्या शेडमध्ये. मला पुढे उभं केलं. मॅडम म्हणाल्या, "तंबाखूनं दातांचं काय होतं ते बघा."

मी मॅडमकडे बघितलं. त्या कामगारांकडे बघत होत्या.

मागून एक जण ओरडला, "अरे बापरे, लडकी होके?" दुसरा म्हणाला, "ताई, कुठला गुटखा गं?" शेडभर हशा.

त्यात आमच्या चाळीतला एक जण होता. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारीण ताईला म्हणाली, "तुझी बहीण पुडी खाते म्हणे." ताईच्या हातातली बादली तशीच राहिली. घरात येऊन ती मला हळू आवाजात म्हणाली, "तू सांगितलं काहून नाही त्यांना?"

"मॅडम होत्या."

"मॅडम होत्या म्हणून काय झालं?" मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. गप राय. काम सुटन."

मी मॅडमना विचारलं. धीर करून. "मॅडम, मी तंबाखू खात नाही."

"अगं, मला माहितेय ना! पण लोकांना डोळ्यांनी बघितलं की पटतं. आणि तुझं नाव कुठे घेतलं मी?"

नाव नाही घेतलं, खरंय. नुसतं तोंड घेतलं.

वर्षातलं शेवटचं शिबिर वसई पूर्वेला, बांधकामावरच्या मजुरांची पोरं जातात अशा एका शाळेत. वरून संघटनेचे एक मोठे पाहुणे काम बघायला येणार होते. मॅडमनी नवी साडी नेसली होती. मी पोरांच्या रांगा लावत होते. दोन वेण्यांची एक मुलगी माझं बोलणं ऐकून जवळ आली. आठ-नऊ वर्षांची असेल. तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमी बी तिकडच्याच का जी?"

"तिकडच्या म्हणजे?"

"यवतमाळच्या."

तो हात बघून मला कळलं. मी विचारलं नाही, तिनं दाखवलं नाही.

तपासणी सुरू झाली. ती मुलगी खुर्चीत बसली आणि तिनं तोंड उघडलं तशा मॅडम पाहुण्यांकडे वळल्या. "सर, अशाच केसेस आहेत आपल्याकडे. माझ्या असिस्टंटचीही आहे, दोघींना शेजारी दाखवते." मग मला म्हणाल्या, "हिला पोरांसमोर घे. तिचा ओठ वर धर. तुझाही मास्क काढ. फोटो एकत्र येऊ दे."

सेक्रेटरी डॉक्टरांनी मोबाइल वर केला.

मी मुलीला उठवलं, पोरांपुढे आणलं. हो, आणलं. हात सवयीनं चालत होते. तिच्या हनुवटीला माझी दोन बोटं लागली. तिनं ओठ घट्ट मिटले, मग ते जेमतेम हलवत, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाली, "नका ना जी दाखवू. मंग ह्ये रोज चिडवतीन."

पोरं वाट बघत होती. "ईई" म्हणायला तोंडं तयारच होती.

मी बोटं काढली.

"अगं, धर ना," मॅडम म्हणाल्या.

"नाही धरणार."

"काय?"

"नाही धरणार, मॅडम."

पाहुणे मॅडमकडे बघायला लागले. मॅडम हसून म्हणाल्या, "लाजते जरा." आणि मग दातांवर दात ठेवून मला, "तमाशा करू नकोस."

मी मास्क स्वतः खाली घेतला. कोणी ओठ उचलायच्या आत मीच उचलला. पोरांना म्हटलं, "हे आमच्या गावच्या पाण्यानं होतं. ही रोज दात घासते. मीपण घासते. या मॅडमनीच मला सांगितलंय, यात आमचा दोष नाही."

कोणी ईई केलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पोरं गोंधळली होती. मी मुलीला तिच्या जागेवर नेऊन बसवलं. आम्ही दोघी पुढे उभ्या होतो तेव्हाच सेक्रेटरी डॉक्टरांनी काढायचा तो फोटो काढला होता. आता ते स्क्रीनवर बोटं ताणून मोठा करून बघत होते.

गाडीत मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी काय नाही केलं?"

"खूप केलंत."

"मग हे असं?"

त्यांनी केलेलं खोटं नाही. माझा दोष नाही हे पहिल्यांदा त्याच म्हणाल्या होत्या. आणि वर्षभर तो दोष माझ्या तोंडावर चिकटवूनही त्यांनीच दाखवला. या दोन गोष्टी माझ्या पोटात शेजारी शेजारी पडून आहेत. एक दुसरीला पुसत नाही.

"दातांचं आता विसर," एव्हरशाईनच्या वळणावर त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून दुसरीकडे बघ."

घरी येऊन ताईला सांगितलं. ती चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचंच, पण आम्ही अजून चूलच म्हणतो, ते भाताचं पातेलं उतरवून बसून राहिली. मला वाटलं, चिडेल. ती रडली. "तुये दात झाले असते वं," म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. त्या रात्री मी माझ्या पांढऱ्या दातांसाठी रडले. ते माझ्या तोंडात कधी नव्हतेच, तरी कोणीतरी काढून नेल्यासारखे वाटले.

आता मी वालीवलाच एका युनिटमध्ये पॅकिंगला आहे. तिथं मास्क नाही. बायका बघतात, विचारतात. मी सांगते. काहींना पटतं, काहींना नाही. हात अजून तोंडाकडे जातो. रोज जातो. खाली आणावा लागतो.

शाखेला पारितोषिक मिळालं, असं ऐकलं. मी दवाखान्यात गेले होते एकदा. मॅडम आत होत्या, भेटल्या नाहीत. सेक्रेटरी डॉक्टर तिथं आलेले होते, ते बाहेर आले.

"माझे फोटो काढून टाका," मी म्हटलं. "आणि त्या मुलीचा."

"अगं, ते कधीच वर गेले. अहवालात लागले. आता वर्ष संपलं, अध्यक्ष बदलले. आता काय होणार?"

"नवीन अध्यक्ष कोण?"

ते हसले. "त्यांना काय माहीत असणार तुझं?"

माहीत नसेल तर सांगेन. त्यांनी नाही ऐकलं तर त्यांचंही वर्ष संपेल, मग त्यांच्या पुढच्यांना सांगेन. तो कार्यक्रम कुठल्या हॉलमध्ये होतो ते मला माहीत आहे. पदक गळ्यात पडत असताना मी पुढे जाऊन उभी राहीन, सगळ्यांदेखत, आणि म्हणेन, आमचे फोटो काढून टाका. मी कोण असं विचारतील तर माझं नाव सांगेन. पूर्ण, गावासकट. त्या मुलीचं सांगणार नाही. तिचा फोटो मात्र आधी काढून टाकायला लावेन. माझा नंतर.