नदी नसलेल्या गावात बाबांचं फिरणं

बाबांच्या मते गावाला नदी पाहिजे, राजा पाहिजे आणि देऊळ पाहिजे. यातलं देऊळ कुठंही असतं, म्हणून ते धरायचं नाही. उरलेली दोन नसतील तर ती नुसती वस्ती. या हिशेबानं लग्न झाल्यापासून मी धारवाड नावाच्या वस्तीत राहते.

माझं माहेर सांगली. तिथं बाबा रोज सकाळी गावभागातल्या घरातून निघत, गणपतीला बाहेरूनच हात जोडत, घाटावर उतरून कृष्णेच्या कडेनं चालत आणि मग आमराईत जाऊन बसत. आमराई म्हणजे संस्थानच्या राजांची बाग. आता ती सगळ्यांची आहे, पण बाबा तिथं राजांचे पाहुणे असल्यासारखे बसत. आई गेली तरी त्यांची फेरी चुकली नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र घाटाच्या पायरीवरून ते घसरून पडले. हे मला शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पडलो नाही, बसलो."

"पायरीवर?"

"मग पायरीवर काय करतात?"

मी त्यांची एकुलती एक मुलगी. आता कायमचे धारवाडला या, असा मी हट्ट धरला. त्यांनी नाही म्हटलं. मी रडले, भांडले, दोन दिवस फोन केला नाही. शेवटी तह झाला, की महिनाभर येऊन राहायचं आणि मग ठरवायचं. परतीचं तिकीट काढूनच ते आले. धारवाड स्टेशनवर उतरल्याबरोबर खिशातून काढून मला दाखवलंसुद्धा. माझ्या तोंडावर काय उमटलं असेल ते त्यांनी बघितलं, आणि तिकीट परत नीट घडी करून ठेवलं.

त्यांना इथं ठेवून घ्यायचं तर फिरायला बरीशी वाट पाहिजे, एवढं मला कळत होतं. माझा नवरा इथलाच, पेशानं वकील. त्यानं ही केस अंगावर घेतली. "आमच्याकडं सगळं आहे की मामा," तो म्हणाला, आणि पहिल्या दिवशी आम्हाला किल्ल्यावर घेऊन गेला.

किल्ल्याचं दार आहे. चांगलं भक्कम आहे. बाबांनी ते समोरून बघितलं, आत जाऊन मागून बघितलं.

"किल्ला कुठाय?"

"हाच की."

"हे दार आहे."

"किल्ल्याचंच आहे ना पण!"

दुसऱ्या दिवशी सोमेश्वराला. तिथं शाल्मला नदीचा उगम आहे. बाबा वाकून बराच वेळ पाणी शोधत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "जाते कुठं ही पुढं?"

"गुप्त होते," नवरा अभिमानानं म्हणाला. "इथून गुप्त होते, लांब घाटाखाली उतरते, पश्चिमेच्या समुद्राला मिळते."

"तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं," बाबा म्हणाले.

राजा आमच्याकडं नव्हता, कलेक्टर होता. म्हणून तिसऱ्या दिवशी राजाच्या बागेऐवजी कलेक्टर कचेरीजवळची जुनी झाडं दाखवून झाली. झाडांना बाबांनी नावं ठेवली नाहीत. पण त्या दिवशी घरी आल्यावर ते नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कामाला लागा. माझं मी बघतो." वकील केस हरला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं.

चौथ्या दिवसापासून बाबा एकटे फिरायला लागले. आणि इथं एक अडचण निघाली, तिचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. धारवाडात म्हातारा माणूस चढावर पायी दिसला की लोकांना बघवत नाही. स्कूटर थांबते. "बर्री अज्जार, कुंडर्री," म्हणजे या आजोबा, बसा. आजोबा कुठं निघालेत हा प्रश्न नंतरचा. हा माणूस हौसेनं चालतोय, असं कुणाच्या मनातही येत नाही. बाबांना कानडी येत नाही. नको म्हणायला 'ब्याड्री' एवढा एकच शब्द मी त्यांच्याकडून घोकून घेतला होता. पण तो म्हटला की समोरच्याला वाटे, आजोबा संकोच करतायत, आणि आग्रह दुप्पट होई. रस्त्यात उभं राहून वाद घालणं बाबांच्या स्वभावात नाही. ते बसत.

अशा रीतीनं ते धारवाड फिरले. आमच्या मालमड्डीतून चालत निघायचे आणि लोक त्यांना आपापल्या अंदाजानं योग्य वाटेल तिथं नेऊन सोडायचे. कुणी बँकेत सोडलं, कुणी सुभाष रोडवर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारात सोडलं. तिथं त्यांनी रांगेत बसून तपासूनही घेतलं. एक बाई, कॉलेजात शिकवणारी असावी, त्यांना थेट गावाबाहेर रायापूरला घेऊन गेली, कारण ती तिकडंच चालली होती. तिथून ते बसनं परत आले. मी संतापले. फोन का नाही केला म्हणून ओरडले. ते म्हणाले, "बाई गुणी होती. वाटेत गाडी थांबवून शहाळं पाजलं मला."

महिना सरत आला. तिकीट खिशातच होतं. ते विषय काढत नव्हते आणि मला काढायचा धीर नव्हता. त्यांचे धुतलेले कपडे ते बॅगेत ठेवायला लागले होते, कपाटात नाही. ते बघितलं की मी भाजीवर, मोलकरणीवर, नवऱ्यावर राग काढायची.

आणि एके दिवशी ते सकाळचे गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. मी फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. शेवटी एक स्कूटर आली. बाबा मागं बसलेले, कपाळाला भस्म.

"शिवू नको," फाटकातूनच म्हणाले. "आधी आंघोळीचं पाणी काढ."

"काय झालं? कोण गेलं?"

"माहीत नाही."

झालं होतं असं, की पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून बाबा गंभीर चेहऱ्यानं चालले होते. त्यांचा चेहरा तसाच आहे. मयतीला निघालेल्या एका भल्या माणसाला वाटलं, अज्जाही तिकडंच निघालेत. त्यानं त्यांना गाडीवर घेतलं आणि मयताच्या घरी नेलं. तिथं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. थोड्या वेळानं सगळे उठले, बाबाही उठले. प्रेतयात्रेतून मधेच निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत चालले. भजनं होती. लिंगायत कुटुंब होतं, त्यामुळं मयताला फुलांच्या मखरात बसवून नेलं आणि तसंच मातीत ठेवलं. बाबांनी वडीलधाऱ्यांच्या बरोबरीनं मूठभर माती टाकली. मुलगा त्यांच्या पाया पडून रडला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"माणूस चांगला असणार," आंघोळ करून आल्यावर ते म्हणाले. "गर्दी होती."

मला हसू फुटलं. हसता हसता मी बघितलं तर ते हसत नव्हते.

"उद्या माझ्याबरोबर चल फिरायला," ते म्हणाले. "तू असलीस म्हणजे कुणी उचलणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही केलगेरीच्या तळ्यावर गेलो. नदी नव्हे, पण पाणी आहे, आणि कडेनं चालता येतं. निम्मं तळं त्यांनी चालून काढलं. मग म्हणाले, "त्या लोकांचं बरं आहे. माती कुठंही मिळते. आपल्याला पाणी लागतं."

ते पाण्याकडं बघत चालत राहिले.

"तुझ्या आईला मी घाटावरून कृष्णेत सोडलं. मी इथं राहिलो, इथंच गेलो, तर तुम्ही मला त्या शाल्मलेत सोडणार. ती जाते पश्चिमेला. कृष्णा जाते पूर्वेला. जावईबापूंनीच सांगितलं. म्हणजे तुझी आई एका समुद्रात आणि मी दुसऱ्या."

महिनाभर मी त्यांच्यासाठी झाडं, दारं आणि उगम शोधत होते. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला इतकं रडू आलं की पुढचं तळं दिसेना. तरी मी म्हणाले, "मी नेईन ना तुम्हाला सांगलीला."

"तू?"

"मग कोण? मीच. घाटावर उतरून, माझ्या हातानं सोडीन."

"गुरुजी कुरकुर करतील."

"करू देत."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी शब्दाची पक्की आहे की नाही, हे लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही करताना बघायचे तसं. मग खिशातून तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "हे रद्द होतं ना?"

होतं, मी म्हणाले. नाक पुसलं. आम्ही परत वळलो. थोडं पुढं गेल्यावर ते थांबले.

"एक मात्र ध्यानात ठेव. पावसाळ्यात नेऊ नकोस. पूर असतो. लोक आपापलं सामान माळ्यावर चढवत असतात, त्यात तू मला घेऊन कुठं हिंडणार?"